घडाची परीक्षा

दिंडोरी तालुक्यातील एका पॅकहाउसात फेब्रुवारीच्या मध्यास, बाहेर ऊन चढू लागलेले असताना, आत पाऊल टाकणाऱ्यास प्रथम जाणवतो तो गारवा. आणि त्या गारव्यात डोक्याला टोप्या बांधून लांबलचक टेबलांशी दुतर्फा उभ्या राहिलेल्या स्त्रिया ज्या निगुतीने एकेका घडाची चिकित्सा करतात ती पाहिली म्हणजे, विलायतेस जाणाऱ्या द्राक्षाला केवढ्या कठोर परीक्षेस बसावे लागते याची कल्पना येते. घड उन्हाआधी तोडलेले असतात. ते क्रेटमधून देठाला धरूनच उचलायचे, मण्याला बोट लावायचे नाही, कारण मण्यावरचा मेणासारखा पातळ थर पुसला गेला की माल शिळा दिसू लागतो. मग बोथट टोकाच्या कात्रीने तडकलेला, डागी किंवा बारीक राहिलेला मणी नेमका छाटायचा, आणि तोही असा की शेजारच्या मण्याला कात्री लागता कामा नये, नाहीतर रस पाझरून बुरशीला आयती वाट मिळते. पाचशे ग्रॅमच्या डबीत, म्हणजे पनेटमध्ये, माल थोडा अधिकच भरतात; वाटेत ओल उडून वजन घटते, त्याची ही तजवीज.

छाटून टाकलेला एक मणी मी उचलून तोंडात टाकला. उत्तम गोड होता.

"ताई, यात काय वाईट होतं?" मी विचारले.

"वाईट नाय दादा, लहान हाय. तिकडं चालत नाय," त्या म्हणाल्या, आणि त्यांची कात्री पुढच्या घडाकडे वळली.

पुढे प्री-कूलिंगच्या खोलीत फळाचे तापमान काही तासांत शून्य अंशाच्या जवळपास उतरवितात, पेटीत गंधकाचा वायू हळूहळू सोडणारा कागद घालतात, आणि शीत कंटेनर न्हावा शेवा बंदरातून बहुधा रॉटरडॅमकडे रवाना होतो. या फळाबरोबर दप्तरही चालते: बागेची नोंदणी, औषध-फवारणीची नोंदवही, प्रयोगशाळेचा दाखला, आणि 2006 सालापासून अपेडा या केंद्राच्या कृषी-निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या संगणकीय प्रणालीवरील नोंद, जिच्या आधारे पेटीचा माग थेट बागेपर्यंत काढता येतो. तरीही 2010 साली वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट या रसायनाचे अंश युरोपात आढळले, माल अडकला, आणि जे रसायन येथल्या तपासणीच्या यादीतच नव्हते त्याचा भुर्दंड अखेर बागाईतदाराच्या माथी बसला.

इतक्या दूर फळ पाठविणे ही पृथ्वीवर लादलेली चैन आहे, असे मलाही पूर्वी वाटे. परंतु जहाजावर टनामागे, किलोमीटरमागे जळणारे इंधन ट्रकच्या मानाने फारच थोडे, आणि विमानाच्या मानाने तर नगण्य. वेबर आणि मॅथ्यूज या अमेरिकन संशोधकांनी 2008 साली तेथील अन्नाचा हिशेब मांडला, तेव्हा एकंदर उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा अकरा टक्क्यांच्या आसपास निघाला. बाकीचा बहुतांश भार शेतातच पडलेला होता. शिवाय देशी बाजाराचा माल म्हणजे नाशिकच्या मंडईतला माल, असा समज करून घेऊ नये. तो दिल्ली-कोलकात्याकडे हजाराहून अधिक किलोमीटर ट्रकने जातो, पुष्कळदा शीतयंत्रणेवाचून, आणि वाटेत दबलेल्या घडांची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. अर्थात जहाजाचे गणितही स्थिर नाही: 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली, प्रवास लांबला, आणि ते वाढीव दिवस कंटेनरमधल्या गारव्यानेच निभावून नेणे भाग पडले.

अंतरापेक्षा मला अधिक खटकते ती जोखमीची वाटणी. सौदा बागेत ठरतो, पण ऐन तोडणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस येऊन मणी तडकले तर निर्यातदार कात्री लावीत नाही, आणि तोच माल व्यापारी सांगेल त्या दराने काढावा लागतो. सांगली जिल्ह्यातल्या तासगावकडे अशा वेळी बेदाण्याची वाट असते. चार किलो द्राक्षांचा सुमारे एक किलो बेदाणा होतो. मात्र त्याचा रंग टिकवायचा तर तोही शीतगृहातच ठेवावा लागतो, म्हणजे जवळच्या बाजारासाठीही विजेचे बिल चुकत नाही.

पॅकहाउसला माल घालणाऱ्या एका बागाईतदाराला मी या दोन बाजारांविषयी विचारले, तेव्हा त्याने दोन्ही बाजूला सारून पाण्याचा विषय काढला. माल परदेशी जावो, दिल्लीला जावो की बेदाण्याच्या शेडवर जावो, एप्रिलमध्ये खरड छाटणी करावीच लागते, आणि पुढच्या वर्षीच्या घडांसाठी काडी तयार व्हायची ती त्याच उन्हाळ्यात, जेव्हा करंजवण-पालखेड धरणांच्या पाण्यावर गावांची तहानही अवलंबून असते. यंदा आवर्तन किती दिवस मिळणार, हे विचारायला तो दुपारी पाटबंधारे खात्याच्या कचेरीत निघाला होता.