कंबरदुखी आणि माजी सैनिकांची डिसॅबिलिटी पेन्शन : हक्क काय, कागद कोणते?

फौजेतून निवृत्त होऊन आलेले कितीतरी जण मशिदीत खुर्चीवर बसून नमाज अदा करताना दिसतात. रुकूत वाकता येत नाही, सजद्यातून उठता येत नाही. विचारलं तर म्हणतात, "वय झालं आता." पण पंधरा-वीस वर्षं पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढलेला, खडबडीत रस्त्यावर लष्करी ट्रक चालवलेला किंवा रणगाड्यात हादरे सोसलेला माणूस चाळिशीतच वाकला असेल, तर ते सगळं वयाच्या माथी मारून चालत नाही. अशा दुखण्यासाठी नियमांत डिसॅबिलिटी पेन्शनची तरतूद आहे. अनेक घरांत याची माहितीच नसते, किंवा एकदा नकाराचं पत्र आलं की फाइल कपाटात जाते.

पेन्शन कोणाला मिळते?

लष्कराच्या १९६१ च्या पेन्शन नियमावलीतील नियम १७३ मध्ये दोन अटी आहेत. एक, दुखणं नोकरीमुळे झालेलं असावं किंवा आधीचं असेल तर नोकरीमुळे वाढलेलं असावं. दोन, अपंगत्व २० टक्के किंवा त्याहून जास्त असावं. नौदल आणि हवाई दलाची नियमावली वेगळी आहे, पण तत्त्व हेच.

या दोन्ही गोष्टींवर निवृत्तीच्या वेळी रिलीज मेडिकल बोर्ड आपलं मत नोंदवतं. कंबरेच्या बाबतीत कागदावर बहुधा 'लंबर स्पॉन्डिलोसिस' म्हणजे मणक्याची झीज, किंवा 'प्रोलॅप्स्ड डिस्क' म्हणजे मणक्यांमधली गादी सरकणे, असं लिहिलेलं असतं. अडचण इथेच येते. हाड मोडलं तर अपघाताचा रिपोर्ट असतो, तारीख असते. कंबर मात्र हळूहळू जाते. त्यामुळे 'नोकरीशी संबंध नाही, नोकरीमुळे वाढलेलंही नाही' असा शेरा मारणं सोपं जातं आणि दावा फेटाळला जातो.

कोर्टाने काय सांगितलं?

सुप्रीम कोर्टाने धरमवीर सिंग खटल्यात २ जुलै २०१३ रोजी दिलेला निकाल इथे फार महत्त्वाचा आहे. त्याचा मतितार्थ असा : भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणीत एखाद्या आजाराची नोंद नसेल, तर जवान तंदुरुस्त होता असं धरावं लागेल. नंतर तब्येत बिघडली तर ती नोकरीमुळे बिघडली असं मानलं जाईल. बोर्डाला वेगळं म्हणायचं असेल तर तशी कारणं लिहावी लागतील. नुसता शेरा पुरत नाही. पुराव्याचा भार साधारणपणे जवानावर नसतो आणि शंकेचा फायदा त्याला मिळतो.

मात्र याचा अर्थ प्रत्येक कंबरदुखीला पेन्शन मिळते असा नाही. नोकरीशी संबंध जोडता आला पाहिजे. पूर्ण मुदतीनंतर निवृत्त झालेल्याचं अपंगत्व २० टक्क्यांपेक्षा कमी ठरलं असेल, तर सुप्रीम कोर्टाच्या २०१९ च्या निकालानुसार लाभ मिळत नाही.

रक्कम किती?

१०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि त्याहून कमी असेल तर त्या प्रमाणात, असा हिशेब आहे. समजा हिशेबात धरला जाणारा पगार ४०,००० रुपये आहे. १०० टक्क्यांना १२,००० रुपये होतात, तर २० टक्क्यांना २,४०० रुपये. पण 'राउंडिंग ऑफ'च्या नियमाने २० ते ५० टक्क्यांमधलं अपंगत्व ५० टक्के धरलं जातं. म्हणजे तेच २,४०० रुपये ६,००० होतात. पूर्ण मुदतीनंतर निवृत्त झालेल्यांनाही हा फायदा मिळेल, असं सुप्रीम कोर्टाने राम अवतार प्रकरणात १० डिसेंबर २०१४ रोजी स्पष्ट केलं. ही रक्कम नेहमीच्या पेन्शनीच्या वर असते आणि तिच्यावर महागाई भत्ताही मिळतो.

एक लक्षात ठेवा. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत. त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी आपलं प्रकरण नव्या नियमांनुसार तपासून घ्यावं.

आता करायचं काय?

* मेडिकल बोर्डाच्या अहवालाची प्रत मिळवा. नसेल तर आपल्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला आहे. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात अर्ज करा.
* अहवालात तीन गोष्टी बघा : टक्केवारी किती, नोकरीशी संबंध मान्य केला की नाही, आणि नाकारला असेल तर कारण काय लिहिलं आहे.
* दावा फेटाळल्याचं पत्र आल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील करा. तिथेही नकार मिळाला तर दुसरं अपील आहे.
* त्यानंतर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे.
* उशीर झाला म्हणून हात टेकू नका. पेन्शनचा प्रश्न दर महिन्याला नव्याने उभा राहतो, असं कोर्टाने मानलं आहे. मात्र उशिरा गेल्यास थकबाकी साधारणपणे मागच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणून जितका उशीर, तितकं नुकसान.

मदतीसाठी आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. नाल्साने २०२५ मध्ये सुरू केलेल्या 'वीर परिवार सहायता योजने'खाली सैनिकांच्या कुटुंबांना मोफत कायदेशीर मदत मिळते, तिचीही तिथे चौकशी करा. "टक्केवारीवर काम करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाच्या हाती मूळ कागद देऊ नका. माजी सैनिक हयात नसतील तर त्यांच्या हयातीतल्या थकबाकीसाठी पत्नी किंवा वारस चौकशी करू शकतात.

घरातल्यांना एक विनंती

अब्बा स्वतःहून बोलणार नाहीत. फौजेत कंबर दुखते म्हणणं कमीपणाचं वाटतं, ती सवय घरीही जात नाही. इंग्रजी पत्रं त्यांना समजत नसतील तर मुलांनी, सुनांनी जवळ बसून वाचून दाखवावीत. आणि ज्यांचा मुलगा किंवा भाऊ आज नोकरीत आहे, त्यांनी त्याला इतकंच सांगावं : प्रमोशन जाईल, कॅटेगरी खाली येईल या भीतीने दुखणं लपवू नकोस. सिक रिपोर्ट कर, एक्स-रे, एमआरआयची नोंद होऊ दे, प्रत्येक कागदाची प्रत घरी पाठव. वीस वर्षांनी बोर्डासमोर हेच कागद त्याच्या बाजूने बोलतील.