क्लचवांचून गिअर: सोय कीं शोभा?

घरांत नवें यंत्र आलें कीं त्याच्याबरोबर एक नवा वादहि येतो, असा आमच्या एकत्र कुटुंबाचा जुना अनुभव आहे. मिक्सर आला तेव्हां पाटा-वरवंट्याची बाजू घेणारी मंडळी निघाली. धुण्याचें यंत्र आलें तेव्हां तर महिनाभर घरांत दोन पक्ष होते. गेल्या वर्षीं आमच्या पुतण्यानें मोटरसायकल घेतली, त्या वेळचा वाद मात्र अशा एका वस्तूबद्दल होता, कीं तिचें नांवहि घरांतील निम्म्या मंडळींस नीट उच्चारतां येईना. ती वस्तु म्हणजे क्विकशिफ्टर. क्लच न दाबतां नुसत्या पायानें गिअर बदलूं देणारी ही योजना. "ती असलेलीच गाडी घ्यावयाची," असा पुतण्याचा आग्रह, "क्लच दाबून हात झिजतो काय?" असा दादांचा, म्हणजे त्याच्या वडिलांचा, सवाल. अखेर नेहमींप्रमाणें तरुण पक्षाचा जय झाला आणि गाडी दारांत आली.

वाद तेथेंच मिटला असता, तर हा लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें. पावसाळा संपल्यावर पुतण्या आपल्या धाकट्या बहिणीस मागें बसवून ताम्हिणी घाटानें कोंकणांतून पुण्यास परत येत होता. चढावरील एका वळणानंतर त्यानें पहिल्या गिअरांतून दुसरा गिअर टाकला. इंजिन मोठ्यानें ओरडलें, पण चाकाला जोर मिळेना. गिअर ना पहिल्यांत, ना दुसऱ्यांत. गाडी क्षणभर थांबली आणि मागें सरकूं लागली. मागून एस्. टी. येत होती. तिच्या चालकानें प्रसंगावधान राखून ब्रेक लावला, म्हणून दोन्ही मुलें धडपणें घरीं आलीं. पुतणीनें रात्रीं जेवतांना ही हकीकत सांगितली, तेव्हां पंगतींत कोणाचाहि घास पुढें सरकेना. आमच्या मातोश्री एवढेंच म्हणाल्या, "उद्यां ती गाडी विकून टाका."

पुतण्याचें म्हणणें, यंत्र सदोष आहे. दादांचें म्हणणें, चालविणाराच सदोष आहे. ज्यांनीं गाडी विकली, त्यांच्या माणसानें "या गाड्या अशाच चालतात" असें सांगून बोळवण केली. तेव्हां खरें काय तें पाहण्याचें काम माझ्याकडे आलें; आणि त्या निमित्तानें जें समजलें, तें ज्या घरांत तरुण मुलें आहेत अशा वाचकांसहि उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहें.

क्लच कशासाठीं?

मोटरसायकलच्या गिअरपेटींत सर्व चक्रांचे दांते आपापल्या जोडीदाराशीं नेहमींच गुंतलेले असतात. परंतु एका वेळीं एकच जोडी जोर वाहून नेते; बाकीच्या जोड्यांपैकीं एकेक चक्र आपल्या दांड्यावर मोकळेंच फिरत असतें. मोकळें चक्र जखडण्याचें काम शेजारच्या चक्राच्या बाजूस असलेले जाड खुंट करतात. ते समोरच्या खांचांत जाऊन बसतात. पायानें लिव्हर हलविली, कीं वांकड्या पन्हळी कोरलेला एक दंडगोल थोडासा फिरतो, त्या पन्हळींत बसविलेले चिमटे सरकतात, आणि एका चक्राचे खुंट सुटून दुसऱ्याचे अडकतात.

अडचण अशी, कीं इंजिन जोर लावीत असतां हे खुंट खांचेच्या भिंतीवर इतके घट्ट दाबलेले असतात कीं ते सुटत नाहींत. विहिरींतून भरलेली घागर ओढतांना दोराची गांठ सुटत नाहीं. दोर क्षणभर सैल सोडला कीं सुटते. क्लच दाबणें म्हणजे तो दोर सैल करणें होय.

क्विकशिफ्टर हेंच काम निराळ्या वाटेनें करतो. लिव्हरच्या सळईवर दाब ओळखणारा एक लहानसा सेन्सर असतो. पाय दाब देऊं लागतांच तो गाडीच्या संगणकास सूचना पोंचवितो, आणि संगणक इंजिनाची ठिणगी किंवा इंधन, अथवा दोन्ही, साधारणपणें ५० ते ८० सहस्रांश सेकंद तोडतो. तेवढ्या अवकाशांत जोर ओसरतो, खुंट सुटतात, पुढचे बसतात, आणि इंजिन पुन्हां कामास लागतें. चालविणाऱ्यास फक्त एक बारीक खटका जाणवतो.

गिअर खालीं आणतांना याच्या उलट स्थिति असते. तेव्हां मूठ सोडलेली असते, चाकच इंजिनास फिरवीत असतें, आणि खुंट खांचेच्या दुसऱ्या भिंतीवर दाबलेले असतात. तेथें ठिणगी तोडून कांहींच साधत नाहीं. इंजिनाचा वेग क्षणभर वाढवावा लागतो. म्हणून कांहीं गाड्यांतील क्विकशिफ्टर केवळ गिअर चढवितांनाच चालतो. दोन्ही बाजूंनीं चालणारा हवा असेल, तर मुठीपासून इंजिनापर्यंत तारेऐवजीं विजेनें संदेश नेणारी रचना गाडींत सहसा लागते. भारतांत २०२१ सालीं आलेल्या यामाहाच्या आर-१५ च्या चौथ्या आवृत्तींत पहिल्या प्रकारचा क्विकशिफ्टर आला. पुण्याजवळ चाकण येथें तयार होणाऱ्या केटीएम ३९० अॅडव्हेंचरवर २०२० सालींच दुसऱ्या प्रकारचा होता.

जुन्याच इच्छेचें नवें रूप

डाव्या हाताचें काम वांचविण्याची इच्छा मात्र आजची नव्हे. आरंभीं मोटरसायकलचे गिअर टाकीशेजारच्या दांड्यानें, हातानें बदलावे लागत. १९२८ च्या सुमारास इंग्लंडांतील व्हेलोसेट कारखान्याच्या हॅरॉल्ड विलिस यांनीं, पायाच्या प्रत्येक हालचालीस नेमका एकच गिअर बदलावा, अशी योजना केली. आजची सर्व पायगिअरांची पद्धति तिच्याच वळणाची आहे. आमच्या थोरल्या काकांपाशीं म्हैसूरच्या कारखान्यांत तयार झालेली जावा होती. तिच्या मूळ झेक गाडीच्या १९४६ च्या नमुन्यांतच अशी सोय होती, कीं गिअरची लिव्हर दाबतांच क्लच आपोआप सुटावा. काका मात्र सवयीनें डाव्या हातानेंहि क्लच दाबीत असत. आम्हां मुलांना त्याचें मोठें हंसूं येई.

क्विकशिफ्टरचा जन्म शर्यतीच्या मैदानावरचा. तेथें एकेका बदलांत वांचलेला सेकंदाचा अंश सबंध शर्यतीचा निकाल फिरवूं शकतो. तेथून २००८ सालीं बीएमडब्ल्यूच्या एचपी-२ स्पोर्ट या गाडीवर तो कारखान्यांतूनच बसवून येऊं लागला, आणि पुढें दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या गाड्यांपर्यंत उतरला. शर्यतीच्या मैदानावर गाडी जवळजवळ सदैव मोठ्या वेगानें व पूर्ण जोरानें धांवते, ही गोष्ट येथें लक्षांत ठेवावी. पुढच्या बहुतेक तक्रारींचें मूळ तींत आहे.

दोष कोणाचा?

आमच्या पेठेंत एक वृद्ध मेकॅनिक आहेत. उमेदींत त्यांनीं जावा दुरुस्त केल्या आणि आतां मुलाच्या मदतीनें या नव्या गाड्या करतात. त्यांनीं प्रथम गाडीला हात न लावतां पुतण्यालाच विचारलें, "बाळ, गिअर टाकतांना मूठ सोडतोस काय?"

"हो काका, थोडी सोडतों. पहिल्यापासून तीच सवय आहे."

"आणि पाय?"

"पाय हलकाच लावतों. गिअर मऊ पडावा म्हणून."

म्हातारबुवा हंसले. "अरे, ती क्लचची रीत झाली. इथं मूठ होती तशीच धरायची आणि पाय ठामपणें शेवटपर्यंत न्यायचा. यंत्र जोर तोडणार, तूंहि जोर तोडणार, मग खुंट उलट्या भिंतीला जाऊन चिकटतात. त्यांतून तुझा पाय अर्ध्यावर. पहिल्या-दुसऱ्याच्या मधें न्यूट्रल असतो, त्यामुळें तिथं पायाला पल्ला जास्त. अर्ध्यावर सोडलास, कीं गाडी अधांतरीं."

नंतर त्यांनीं गाडी तपासली. एकदां ती वाड्याच्या बोळांत उभ्या जागीं पडली होती. ही गोष्ट घरांत कोणी बोललेंच नव्हतें. त्या वेळीं लिव्हर किंचित् वांकली होती आणि सळईचा नट ढिला पडून तिच्या टोंकांस खेळ आला होता. त्यामुळें पायानें दिलेला पल्ला आंत पुरता पोंचत नव्हता. साखळीहि सैल होती. जोर तुटतांना व परत येतांना ती लोंबून झटका देई. आणखी एक खोड निघाली. पुतण्या चालवितांना बूट लिव्हरखालींच टेकवून ठेवीत असे. सेन्सरला तो हलका दाबहि गिअर बदलण्याची सूचना वाटे, आणि इंजिन मधेंच अडखळे.

तात्पर्य, यंत्र मुळांत सदोष नव्हतें, आणि मुलगाहि बेफिकीर नव्हता. त्याला कोणी शिकविलें नव्हतें, इतकेंच. विकणारानें चावी हातीं दिली, पण रीत सांगितली नाहीं. दुरुस्तीचा खर्च म्हणाल, तर एक नट आणि तासाभराची मजुरी. परंतु हें दुर्लक्ष असेंच चाललें असतें, तर अर्धवट बसणाऱ्या खुंटांच्या कडा झिजून गोल होतात, चिमटे वांकतात, आणि मग ऐन जोरांत गिअर आपोआप निसटूं लागतो. त्या दुरुस्तीस इंजिनच खोलावें लागतें.

म्हातारबुवांनीं निघतांना एक अट घातली. या गाडींत क्विकशिफ्टर बंद करण्याची सोय होती. ती वापरून महिनाभर केवळ क्लचनें गाडी चालवावयाची. "हाताला समजलं, कीं मग पायाला समजेल," असें ते म्हणाले. पुतण्यानें कुरकुरत कां होईना, ती अट पाळली.

घ्यावा कीं न घ्यावा?

आतां मुख्य प्रश्न. पुण्यामुंबईच्या रस्त्यांवर घर-कचेरी करणाऱ्यास क्विकशिफ्टरचा लाभ फार थोडा. एका बदलांत पाव सेकंद वांचला असें धरलें, तरी चाळीस बदलांत दहा सेकंद होतात. ते पहिलाच सिग्नल परत घेतो. शिवाय थांबल्या जागेवरून निघतांना आणि थांबतांना क्लच लागतोच. इंजिनाचा वेग कमी असतां, विशेषतः पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला, क्विकशिफ्टर बहुधा हिसका देतो. कित्येक गाड्यांत ठराविक वेगाखालीं तो कामच करीत नाहीं. यास बिघाड समजूं नये, तो त्याचा स्वभाव आहे. गर्दींत सरळ क्लच दाबावा. त्यानें यंत्राचा अपमान होत नाहीं.

लांबच्या हमरस्त्यावर, चौथ्या-पांचव्या गिअरांत, इंजिन मोकळ्या गळ्यानें चालत असतां त्याचें खरें सुख कळतें. ट्रक ओलांडतांना जोर खंडित होत नाहीं आणि दोन्ही हात मुठींवर स्थिर राहतात. घाट उतरतांना दोन्ही बाजूंनीं चालणारा क्विकशिफ्टर इंजिनाचा वेग स्वतः जुळवून घेतो, त्यामुळें मागचें चाक हिसका खात नाहीं. ज्यांचें मनगट किंवा बोटें दुखतात, त्यांना तर दिवसभराच्या प्रवासांत ही मोठीच सवलत आहे.

म्हणून माझें मत असें, कीं मनासारख्या गाडीवर तो आलाच तर नाकारूं नये; परंतु केवळ त्याच्यासाठीं महाग गाडी घेऊं नये, आणि इतर आवश्यक खर्चांत काटकसर करून तर मुळींच घेऊं नये. आधीं चांगलें हेल्मेट, मागें बसणाऱ्यासहि तसेंच, मग उत्तम टायर, मग ब्रेक. १२५ घनसेंटिमीटरांवरील नव्या गाड्यांवर एबीएस २०१९ च्या एप्रिलपासून सक्तीचें झालें, हें फार चांगलें झालें. एबीएस संकटाच्या क्षणीं उपयोगी पडतें. क्विकशिफ्टर चांगल्या दिवशीं सुख देतो. या दोहोंची गल्लत होऊं देऊं नये. ज्या घरीं अशी गाडी आहे, त्या घरच्या वडील मंडळींनीं मुलाला एकदां तरी विचारावें: क्लच दाबून गिअर कसा बदलतात, आणि न दाबतां बदलतो तो कां बदलतो? दोन्हींचें उत्तर नीट आलें, तर फारशी काळजी नको.

महिना संपल्यावर मी स्वतः पुतण्याच्या मागें बसून त्याच घाटांत जाऊन आलों. त्या चढावर त्यानें क्लच दाबूनच दुसरा गिअर टाकला, आणि पुढें सरळ रस्ता लागल्यावर तिसरा-चौथा नुसत्या पायानें. मी कांहीं सांगितलें नव्हतें. घरीं आल्यावर मातोश्रींनीं विचारलें, "काय रे, विकायची कां गाडी?" मी म्हणालों, "नको, राहूं द्या." त्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि नातीला म्हणाल्या, "जा हो त्याच्या मागें बसून. पण डोक्यावर तें टोपलें घातल्यावांचून नाहीं."