साहाय्यक तापक, मोटारगाडीतील

मोटारगाडीच्या एंजिनातून मिळणाऱ्या उष्णतेवर सर्वस्वी अवलंबून न राहता प्रवासी कक्ष व एंजिन तापविणारे साधन. नेहमीच्या गाडीत एंजिनाभोवती फिरणाऱ्या शीतक द्रवाची उष्णता प्रवासी कक्षातील हवेला दिली जाते. त्यामुळे एंजिन तापेपर्यंत आत ऊब येत नाही व काचांवरील हिमही वितळत नाही. जर्मनी, स्कँडिनेव्हिया, रशिया, कॅनडा इ. थंड प्रदेशांत ही उणीव साहाय्यक तापकाने भरून काढतात. तापक पेटत नाही, ही त्याच्याविषयीची नेहमीची तक्रार होय. मात्र अशा वेळी तापकाचा एखादा भाग निकामी झालेला असतोच असे नाही. विद्युत्, इंधन किंवा हवा यांपैकी एखाद्याचा पुरवठा अपुरा पडल्याने संरक्षक यंत्रणेने तो बंद केलेला असतो, असे पुष्कळदा आढळते. म्हणून कोणताही भाग बदलण्यापूर्वी कारण शोधणे आवश्यक असते.

अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात पेट्रोलवर चालणारे तापक प्रचारात आले. फोक्सवॅगन बीटल, शेव्हरोले कॉर्व्हेअर (१९६०) यांसारख्या हवाशीतित एंजिनांच्या गाड्यांत शीतक द्रव नसल्याने असे तापक विशेष उपयुक्त ठरले. पुढे यूरोपात अधिक कार्यक्षम डीझेल एंजिने आली. त्यांची वाया जाणारी उष्णता प्रवासी कक्षाला पुरत नसल्याने अनेक गाड्यांत कारखान्यातच पूरक तापक बसविण्यात येऊ लागले. काही गाड्यांत केवळ विद्युत् रोधकाने हवा तापवितात; येथे इंधनावर चालणाऱ्या तापकाचा विचार केला आहे.

रचना व कार्य : तापकात हवा पुरविणारा पंखा, इंधन मोजून सोडणारा पंप, ज्वलन कक्ष, इंधन पेटविणारी तापदीप्त कांडी, उष्णता-विनिमयक, ज्योत व तापमान यांचे संवेदक आणि इलेक्ट्रॉनीय नियंत्रक हे प्रमुख भाग असतात. शीतक द्रव तापविणाऱ्या प्रकारात एक अभिसरण पंपही असतो. मोटारगाडीतील अशा तापकाची क्षमता साधारणपणे ४ ते ५ किवॉ. असते व पूर्ण क्षमतेने चालताना त्याला ताशी सु. ०·६ लिटर इंधन लागते.

तापक सुरू करताच नियंत्रक प्रथम सर्व भागांची विद्युत् जोडणी तपासतो. नंतर पंखा फिरू लागतो, कांडी तापते आणि इंधन पंप ठराविक अंतराने टकटक असा आवाज करीत इंधन सोडतो. ठरलेल्या वेळेत ज्योत लागल्याचा संकेत मिळाला नाही, तर नियंत्रक बहुधा आणखी एक प्रयत्न करून तापक बंद करतो व दोषाचा संकेतांक नोंदवितो. असे वारंवार घडल्यास तो पुढील आज्ञा नाकारून तापक अडकवून ठेवतो.

दोषनिदान : संकेतांक वाचणे ही पहिली पायरी असली, तरी ‘ज्योत लागली नाही’ एवढ्याने कारण कळत नाही. म्हणून तापक सुरू होतानाचा आवाज आणि धूर यांचे निरीक्षण करतात.

पंखा क्षणभर फिरून थांबत असेल, तर प्रथम विद्युत् पुरवठा पाहावा. कांडी तापताना मोठा विद्युत् प्रवाह लागतो. त्यामुळे स्थिर असताना चांगली दिसणारी जुनी घटमाला त्या क्षणी कमी पडते. १२ व्होल्टच्या प्रणालीत दाब सु. १०·५ व्होल्टखाली गेल्यास बहुतेक तापक बंद होतात. म्हणून दाब घटमालेपाशी न मोजता तापकाच्या जोडणीपाशी, कांडी तापत असताना मोजावा. गंजलेली भूजोडणी किंवा सैल वितळतारही यातून उघड होते.

पंपाची टकटक ऐकू येते पण निष्कास नळीतून धूर मुळीच येत नाही, याचा अर्थ इंधन ज्वलन कक्षात पोहोचत नाही. टाकीतील इंधन कमी असणे, नळीत हवा शिरणे, गाळणी तुंबणे किंवा थंडीने डीझेलमधील मेण गोठणे ही त्याची कारणे असतात. याच कारणासाठी थंड प्रदेशांत हिवाळ्याकरिता वेगळे डीझेल विकतात. लडाखसाठी उणे ३३° से.पर्यंत प्रवाही राहणारे डीझेल २०१९ मध्ये उपलब्ध झाले. उग्र वासाचा दाट पांढरा धूर इंधन येते पण पेटत नाही असे दर्शवितो. अशा वेळी कांडी व ज्वलन कक्षातील काजळी तपासावी. काळा धूर हवा अपुरी किंवा इंधन जादा असल्याचे लक्षण होय; चिखल वा हिमाने बुजलेल्या नळ्या प्रथम पाहाव्या. तापक पेटून थोड्याच वेळात बंद पडत असल्यास शीतक द्रवाची पातळी, त्यात अडकलेली हवा व अभिसरण पंप तपासतात.

दुरुस्ती : पंपाने ठराविक वेळात सोडलेले इंधन मापनपात्रात गोळा करून निर्मात्याने दिलेल्या प्रमाणाशी ताडून पाहतात. इंधन नळ्यांची टोके एकमेकींना भिडवून जोडतात, कारण मधल्या पोकळीत बुडबुडा साठतो. काही कांड्या १२ व्होल्टपेक्षा कमी दाबाच्या असल्याने थेट घटमालेला जोडल्यास जळतात. ज्वलन कक्ष उघडल्यास जोडपट्ट्या नव्या घालाव्या लागतात. कारण दूर झाल्यावरच नियंत्रकातील नोंद पुसून तापक मोकळा करावा. कारण न शोधता तो पुनःपुन्हा सुरू केल्यास न जळलेले इंधन कक्षात साचते व पुढील प्रज्वलनाच्या वेळी भडका उडण्याचा धोका असतो.

काळजी व सुरक्षितता : थोडा वेळ चालविल्याने काजळी साचते, तर दीर्घकाळ न वापरल्याने इंधन चिकट होते, म्हणून उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा सु. दहा मिनिटे तापक चालवावा. जितका वेळ तापक चालविला, निदान तितका वेळ गाडी चालविल्यास घटमाला पुन्हा भारित होते.

निष्कास वायूत कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन व प्राणघातक वायू असू शकतो. त्यामुळे बंदिस्त जागेत तापक चालवू नये किंवा त्याची चाचणीही घेऊ नये. दुरुस्तीनंतर निष्कास नळीचे सांधे तपासणे अनिवार्य आहे. थेट हवा तापविणाऱ्या प्रकारात उष्णता-विनिमयकाला तडा गेल्यास विषारी वायू सरळ प्रवासी कक्षात येतो. असा विनिमयक डागडुजी न करता बदलतात. इंधन भरण्यापूर्वी तापक बंद करण्याची सूचना गाडीत असावी, असे संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक विनियम क्र. १२२ मध्ये सांगितले आहे. बंद केल्यावरही पंखा काही काळ फिरून ज्वलन कक्ष थंड करीत असल्याने मधेच विद्युत् पुरवठा तोडू नये.