विंचवावरचा उतार

मुरूड-लातूरच्या शिवारात कडब्याची पेंढी उचलताना किंवा पायताणात पाय घालताना विंचू चावला, तर त्याचं कुणाला नवल वाटत नाही. बहुतेकांना रात्रभर ठणका लागतो आणि सकाळी उतार पडतो. लाल विंचवाचं तसं नसतं. त्याने धडधाकट गडी नि खेळती लेकरं तोंडाला फेस येऊन काही तासांत गेलेली आहेत.

यावरचा उतार शोधला मराठवाड्याच्याच माणसाने, पण कोकणात. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा गंभीर विषबाधेत शंभरातले चाळीसेक रुग्ण दगावत. अ‍ॅलर्जीची औषधं, स्टेरॉइड, अ‍ॅट्रोपिन असं सगळं दिलं जाई. गुण येत नसे. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम टिपत राहिले. १९८२मध्ये 'लॅन्सेट'ने ती निरीक्षणं छापली. ठणक्याने नुसता ओरडणारा रुग्ण बहुधा वाचतो. ओकाऱ्या, दरदरून घाम आणि गार पडलेले हातपाय दिसले की धोका ओळखावा.

कारण मारतं ते हृदय आणि फुप्फुस. विषामुळे मज्जातंतूंतले सोडियमचे मार्ग उघडेच राहतात आणि शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिनची गोळी नेमकी ही आवळण सोडवते. १९८६मध्ये हा अनुभवही 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरलं.

नंतर प्रतिविष आलं. २०११च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधल्या बावस्करांच्या चाचणीत ७० रुग्ण होते. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष मिळालेल्या ३५पैकी ३२ जण दहा तासांत सावरले; नुसत्या प्राझोसिनवर ३५पैकी ८. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या सगळ्या वाटचालीतून गावच्या दवाखान्याने एक गोष्ट घ्यावी. प्राझोसिन स्वस्त आहे, त्याला मोठं इस्पितळ लागत नाही. घाम फुटून हातपाय गार पडलेला रुग्ण मुरूडहून लातूरला हलवायचा, तर डॉक्टरांनी पहिली गोळी गाडी निघण्याआधीच द्यावी आणि त्याला आडवंच न्यावं. गोळीनंतर उठवून बसवलं तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो.