माशालाही गाव असते

पाण्यातल्या माशाला कसले आले गाव आणि कसली वेस, असे आपल्याला वाटते. पण बाजारातून आपण हौसेने आणतो ते रोहू, कटला आणि मृगळ मूळचे उत्तरेकडच्या गंगेच्या खोऱ्यातले. भीमा-कृष्णेत ते माणसाने आणून सोडले. उजनीच्या जाळ्यांत भरभरून सापडणारी चिलापी तर आफ्रिकेची. ती १९५२ साली भारतात आली.

बँकेत असताना शेततळ्यातल्या मत्स्यपालनाची कर्जप्रकरणे माझ्या टेबलावर येत. हा धंदा शेतकऱ्याच्या हाती दोन पैसे देतो, त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. अर्जात तळ्याचे क्षेत्रफळ, बोटुकल्यांची संख्या, खाद्याचा खर्च असे सारे असे. पावसाळ्यात तळे भरून वाहिले तर मासे कोणत्या ओढ्याला लागतील, हा रकाना मात्र नसे.

परदेशी मासा तेवढा वाईट, असेही नाही. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून महसीर माशाची पैदास केली. हा निळ्या परांचा महसीर आपल्या मुळा-मुठेचा. धरणांमुळे तो संपू नये, हा हेतू चांगलाच होता. त्याची पिले इतर राज्यांनाही दिली गेली आणि कावेरीतही सोडली गेली. पण कावेरीचा स्वतःचा एक महसीर होता. पाठीला मदार असलेला, पन्नास किलोंहून अधिक वाढणारा. पाहुणा तिथे फोफावला आणि घरचा मागे पडला. धरणे, वाळूउपसा, सुरुंगाची मासेमारी हे घाव होतेच. २०१८ साली या मदारीच्या महसीरची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. गंमत अशी, की त्याला शास्त्रीय नावही त्याच वर्षी निश्चितपणे मिळाले.

म्हणून तळी बंद करा, असे मी म्हणणार नाही. तळ्याच्या सांडव्याला जाळी बसवावी. नदीत आणि धरणात बीज सोडायचे तर त्याच खोऱ्यातले सोडावे. मरळ, वांब, शिवडा यांच्या विणीच्या दिवसांत, निदान पावसाच्या पहिल्या पुरांत, जाळी वर ठेवावीत. महाडजवळ वाळणकोंडीत देवीचे म्हणून मासे कोणी मारत नाही, आणि तिथे महसीर आजही टिकून आहे. बाकीच्या डोहांना देवी नाही. तिथे हे काम आपल्यालाच करावे लागेल.