तारखेनुसार लावलेली दापोली

३ जून २०२० च्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि दापोली-मंडणगडच्या किनारपट्टीतल्या माडापोफळींच्या वाड्या आडव्या झाल्या. केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरुड. या वाड्या वादळाआधी कशा होत्या, नंतर कशा झाल्या आणि पुढच्या वर्षांत किती सावरल्या, हे उपग्रहाच्या चित्रांतून बघता येईल का, हा प्रश्न घेऊन मी या विषयात शिरलो. बघता येतं. चित्रं मोफत आहेत, घरबसल्या उतरवून घेता येतात. पण उतरवल्यावर हाती येतात त्या शेकड्यांनी फाइली, आणि त्यांच्या लांबलचक नावांत माणसाला ओळखीचं काही सापडत नाही. त्या नावांतून तारीख शोधून काढणारी आणि सगळ्या फाइली तारखेच्या क्रमाने लावून देणारी वीसपंचवीस ओळींची एक स्क्रिप्ट असते. वाड्या बघायला निघालेला मी त्या स्क्रिप्टपाशी थांबलो. वाड्यांबद्दल पुढे जे काही म्हणायचं, ते ती काय करते यावर ठरणार आहे.

थोडा इतिहास. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ ची. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २३ जुलै १९७२ ला, अमेरिकेने लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह सोडला. लँडसॅटचा नववा उपग्रह २०२१ मध्ये वर गेला. मधल्या काळात, १७ मार्च १९८८ ला, आपला आयआरएस-१ए गेला. लँडसॅटचा साठा २००८ पासून सर्वांना मोफत झाला, आणि २०१५ व २०१७ मध्ये युरोपचे सेंटिनेल-२ए आणि २बी आल्यावर दर पाच दिवसांनी एक चित्र मिळू लागलं. एकेकाळी मोठ्या सरकारी केंद्रांत होणारं हे काम आता कृषी अभियांत्रिकी किंवा वनशास्त्र शिकणाऱ्या मुलांच्या लॅपटॉपवर होऊ शकतं.

सेंटिनेल-२ च्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरचा १० मीटर लांब, १० मीटर रुंद तुकडा दाखवतो. हापूसची जुन्या पद्धतीची लागवड १० बाय १० मीटरवरच असते. म्हणजे ढोबळमानाने एक ठिपका, एक कलम. पोफळी पावणेतीन मीटरवर लावतात, तेव्हा एका ठिपक्यात तेराचौदा पोफळी येतात. इतक्या जवळून दर पाच दिवसांनी कुणी आपल्या बागेकडे बघतंय, हे दापोलीतल्या कितीतरी बागायतदारांना अजून माहीत नसेल.

आता ते नाव. सेंटिनेल-२ च्या फाइलीचं नाव तुकड्यातुकड्यांनी वाचावं लागतं. आधी उपग्रह कोणता ते, मग प्रक्रियेचा स्तर, मग चित्र टिपल्याची तारीख आणि वेळ, मग प्रक्रियेची आवृत्ती, कक्षेचा क्रमांक, जमिनीवरच्या चौकोनाचा म्हणजे टाइलचा संकेत, आणि शेवटी पुन्हा एक तारीख-वेळ. पहिली तारीख आपल्या कामाची. शेवटची तारीख त्या फाइलीची स्वतंत्र ओळख पटावी म्हणून दिलेली असते आणि ती टिपल्याच्या तारखेपेक्षा बरीच नंतरची असू शकते. लँडसॅटच्या आताच्या नावांतही दोन तारखा असतात, एक टिपल्याची, दुसरी प्रक्रिया झाल्याची. जुन्या लँडसॅट फाइलींत तर महिना आणि दिनांक नाहीतच. चित्राची जागा सांगणारे पाथ आणि रो हे क्रमांक, वर्ष आणि वर्षातला कितवा दिवस, हे सगळे आकडे एका दमात सलग लिहिलेले. २०२० साली ३ जून हा वर्षाचा १५५ वा दिवस होता, कारण ते लीप वर्ष. २०२१ मध्ये तोच ३ जून १५४ वा. हा एका दिवसाचा फरक हातानं नावं बदलणाऱ्या माणसाच्या लक्षात पहिल्या दहा फाइलींत राहील, शंभराव्या फाइलीला नाही. इथे स्क्रिप्टच हवी.

पायथॉनमध्ये लिहिलेली अशी स्क्रिप्ट उघडून बघितली तर तिचा जीव दोनतीन ओळींत असतो. एक ओळ नावातून आकड्यांचा ठरावीक साचा शोधते: सलग आठ आकडे, त्यांच्यामागे टी हे अक्षर, मग सहा आकडे. असा साचा नावात दोनदा सापडतो, तेव्हा ‘पहिलाच घे’ हे तिला बजावून सांगावं लागतं. दुसरी ओळ त्या आठ आकड्यांना खरी तारीख म्हणून वाचून बघते. तेरावा महिना किंवा ३१ जून आला तर ती तिथेच थांबते, पुढे ढकलत नाही. इथे एक बारकावा आहे. तारखेचा साचा सांगताना टक्क्याच्या चिन्हापुढे लहान एम लिहिला तर महिना, मोठा एम लिहिला तर मिनिट. लहान जे म्हणजे वर्षातला कितवा दिवस, आणि लँडसॅटच्या जुन्या फाइली उलगडतात त्या याच अक्षराने. नवं नाव लिहिताना चुकून मोठा एम पडला तर महिन्याच्या जागी मिनिटं येऊन बसतात, सगळ्या फाइलींवर, एका सेकंदात, कुठलीही तक्रार न करता.

नवं नाव वर्षापासून सुरू करायचं, मग महिना, मग दिवस. आपल्या कचेऱ्यांत दिवस आधी लिहायची सवय आहे. कागदावर ती ठीक. पण संगणक नावं डावीकडून अक्षरं जुळवत लावतो, त्यामुळे ०३-०६-२०२० ही फाइल २४-०५-२०२० च्या आधी जाऊन बसते आणि ०३-०६-२०१९ च्या शेजारी. वादळानंतरचं चित्र वादळाआधी दिसू लागतं. वर्ष पुढे घेतलं की सगळा काळ आपोआप रांगेत उभा राहतो.

मला सर्वांत आवडलेली ओळ मात्र काहीच न करणारी आहे. नीट लिहिलेली स्क्रिप्ट पहिल्या फेरीत एकाही फाइलीला हात लावत नाही. जुनं नाव डावीकडे, होणारं नाव उजवीकडे, अशी यादी फक्त पडद्यावर दाखवते. याला ड्राय रन म्हणतात. ती यादी माणसाने वाचायची, पटली तर मगच दुसरी फेरी. शेकडो फाइली क्षणात बदलण्याची ताकद असलेल्या यंत्रात थांबून विचारण्याची ही जागा कुणीतरी मुद्दाम ठेवली आहे, आणि त्या शहाणपणाबद्दल मला खरा आदर वाटतो.

ती यादी दापोलीसाठी नीट वाचायलाच हवी, कारण दापोलीची अडचण खास आहे. सेंटिनेलच्या चित्रांसाठी जमीन सुमारे ११० किलोमीटरच्या चौकोनांत वाटलेली आहे आणि शेजारचे चौकोन जवळजवळ १० किलोमीटर एकमेकांवर चढलेले आहेत. ही चढलेली पट्टी नेमकी दापोलीवरून जाते. दापोली शहर पश्चिमेच्या चौकोनातही आहे आणि पूर्वेच्याही. हर्णै-आंजर्ले फक्त पश्चिमेच्या चौकोनात, खेड फक्त पूर्वेच्या. म्हणजे एकाच दिवशी, एकाच उड्डाणात टिपलेल्या दापोली तालुक्याच्या दोन फाइली येतात आणि त्यांची तारीख अर्थातच एक असते. स्क्रिप्टने नावात फक्त तारीख ठेवली की दोन्ही फाइलींना एकच नाव मिळतं. विंडोजवर पायथॉन अशा वेळी अडतो आणि चूक दाखवतो. लिनक्सवर किंवा मॅकवर तीच साधी आज्ञा दुसरी फाइल पहिलीच्या जागी ठेवते आणि पहिली नाहीशी होते. आंजर्ल्याच्या वाड्या असलेली फाइल गेली तरी दापोली शहर दुसऱ्या फाइलीत दिसत राहतं, त्यामुळे काही हरवलंय हे चटकन कळतही नाही. दापोलीसाठीच्या स्क्रिप्टने टाइलचा संकेत नव्या नावातून कधीही गाळता कामा नये.

आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहाच्या चित्रांची अडचण वेगळी. लिस-३ कॅमेऱ्याचं चित्र पाकिटात येतं आणि आत फाइलींची नावं बँड २, बँड ३, बँड ४, बँड ५ एवढीच असतात, प्रत्येक पाकिटात तीच. तारीख सोबतच्या माहितीच्या फाइलीत. पाकिटं एकाच फोल्डरमध्ये उघडली तर शेवटचं तेवढं उरतं. इथे स्क्रिप्टला आधी ती माहितीची फाइल वाचावी लागते, मगच नाव द्यावं लागतं.

नावातली तारीख खरी असूनही फसवते, अशीही उदाहरणं आहेत. हिरवाईच्या नकाशांसाठी नासाची मोडिस चित्रं फार वापरतात. टेरा उपग्रहाच्या सोळा दिवसांच्या मालिकेत २०२० ची १४५ क्रमांकाची फाइल आहे. १४५ वा दिवस म्हणजे २४ मे. स्क्रिप्ट तिला ‘२०२०-०५-२४’ असं नाव देईल आणि बघणारा म्हणेल, वादळाच्या दहा दिवस आधीचं चित्र. प्रत्यक्षात त्या फाइलीत २४ मे ते ८ जून या सोळा दिवसांतले निवडलेले ठिपके एकत्र केलेले आहेत. एक ठिपका वादळाआधीचा, शेजारचा वादळानंतरचा असू शकतो. अशा फाइलीच्या नावात सुरुवात आणि शेवट, दोन्ही तारखा हव्यात.

वेळेचंही तसंच. नावातली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. सेंटिनेल-२ दापोलीवरून सकाळी अकराच्या सुमारास जातो, त्यामुळे तारीख बदलत नाही. रात्रीचे दिवे टिपणारा सुओमी एनपीपी मात्र मध्यरात्र उलटल्यावर जातो. ३ जूनच्या तारखेने नोंदलेलं त्याचं रात्रीचं चित्र आपल्या घड्याळाने ४ जूनच्या पहाटे दोनच्या आसपासचं असतं. वादळाने वीज कुठे गेली हे शोधणाऱ्याने ते ३ जूनच्या आदल्या रात्रीचं समजलं तर काळोख वादळाआधीच पडलेला दिसेल.

आणि सगळ्यांत मोठी अडचण आवृत्तीची. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या चित्रांतल्या आकड्यांत १००० मिळवलेले असतात. वापरणाऱ्याने ते वजा करून घ्यायचे. नाही केले तर काय होतं ते बघा. सुदृढ आंब्याच्या झाडाच्या ठिपक्यात अवरक्त किरणांचा आकडा ३५०० आणि लाल रंगाचा ५०० धरू. हिरवाईचा निर्देशांक, म्हणजे दोन्हींची वजाबाकी भागिले दोन्हींची बेरीज, निघतो ०.७५. दोन्हींत १००० तसेच राहिले तर तोच निर्देशांक ०.५० वर येतो. पान गळलं नाही, फांदी मोडली नाही, आणि कागदावर बाग एक तृतीयांश खाली. त्यात जुन्या वर्षांची चित्रंही नंतर नव्या पद्धतीने पुन्हा तयार करून ठेवली गेली. म्हणून २०२० चं एकच चित्र तेव्हा उतरवलेलं असेल तर एक, आज उतरवलं तर दुसरं. तारीख तीच, टाइल तीच, आकडे वेगळे. हा फरक ओळखायची खूण मूळ नावातल्या आवृत्तीच्या क्रमांकात असते, आणि नाव सुटसुटीत करण्याच्या हौसेत पहिली कात्री तिच्यावरच चालते.

कोकणात हे सगळं जास्त झोंबतं, कारण इथे बदली चित्र मिळत नाही. निसर्ग वादळामागोमाग पाऊस आला आणि पुढचे चार महिने ढगांनी झाकलेले. आभाळ मोकळं होतं तोवर आडव्या झालेल्या माडांवर गवत आणि रान चढलेलं, जांभ्याचा कातळसुद्धा हिरवा. ऑक्टोबरचं चित्र मेच्या चित्राशी लावलं तर वादळाने हिरवाई वाढवली असा निष्कर्ष निघेल. तुलना मेची मेशीच करायला हवी. पण पुढच्याच वर्षी, १६ मे २०२१ च्या सुमारास, तौक्ते वादळ याच किनाऱ्याजवळून गेलं. तेव्हा नावात ‘मे २०२१’ असून भागत नाही. १० मे की २० मे, हे कळलंच पाहिजे. दोन वादळांचं नुकसान वेगळं करायचं तर वापरण्याजोगी मोजकीच चित्रं उरतात, आणि त्यांतलं एक स्क्रिप्टने गिळलं की ती नोंद लॅपटॉपवरून गेली. ती गेल्याचं कळलं तरच कुणी ती पुन्हा उतरवायला जाईल.

म्हणून माझं मत पक्कं झालं आहे. फाइलीचं नाव बदलणं हे जमिनीच्या फेरफारासारखं काम आहे: नवं नाव लागतं, पण जुनं कंसात राहतं आणि फेरफाराची नोंद वहीत सापडते. स्क्रिप्टने मूळ फाइलींना हात लावू नये, प्रतींची नावं बदलावीत. सेंटिनेलच्या मूळ फोल्डरमधली नावं त्याच्या माहितीच्या फाइलीत जशीच्या तशी लिहिलेली असतात. ती बदलली की सॉफ्टवेअरला फाइली सापडत नाहीत. आणि जुनं नाव, नवं नाव, बदल केल्याचा दिवस अशी तीन रकान्यांची यादी प्रत्येक फेरीनंतर आपोआप लिहिली गेलीच पाहिजे. त्यासाठी स्क्रिप्टमध्ये चारपाच ओळी जास्त लागतात. ज्या प्रबंधाला किंवा पाहणी अहवालाला ही यादी जोडलेली नाही, त्यातल्या वादळाआधी-नंतरच्या नकाशावर मी विश्वास ठेवणार नाही.

एक विनंती बागायतदारांना. आकाशातलं चित्र खरं की खोटं हे शेवटी जमिनीवरच्या फोटोवरून ठरतं, आणि जून २०२० चे फोटो तुमच्याच मोबाइलमध्ये आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोच्या नावात तो पाठवल्या-मिळाल्याची तारीख असते, काढल्याची नाही, आणि फोटोच्या आतली काढल्याची तारीख वाटेतच पुसली जाते. तेव्हा कॅमेऱ्याने काढलेले मूळ फोटो शोधा, त्यांची एक प्रत घ्या, आणि प्रतीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गाव आणि गट क्रमांक लिहून ठेवा. मूळ फोटो तसेच राहू द्या.