मरेल मानूस चालस कसा?

उन्हाळ्याची सुट्टी, धुळ्याचं घर, बाहेर जाळ. केबलवर 'रेसिडेंट ईव्हिल' लागला होता, हिंदीत डब केलेला. जमिनीखालच्या प्रयोगशाळेत मेलेले कर्मचारी उठून चालू लागले, तशी शेंगा फोडत बसलेल्या आजीने अहिराणीत विचारलं, "मरेल मानूस चालस कसा?" आम्ही तिला विषाणू समजावला. तिने ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "आमना वेताळ बरा. तो गोष्ट तरी सांगस."

खरंच की! वेताळपंचविशीतला वेताळ प्रेतात राहतो, राजाच्या खांद्यावर फुकट प्रवास करतो आणि बदल्यात पंचवीस गोष्टी ऐकवतो, वर कोडी घालतो. हॉलिवूडच्या मुडद्यांना चावण्यापलीकडे दुसरं कामच नाही.

जळगावच्या मावसभावाची तक्रार निराळी होती. हा सिनेमा ज्या व्हिडिओ गेमवरून निघाला, तो खेळ त्याने तासाच्या भाड्यावर प्लेस्टेशन बडवून संपवला होता. "हे बाई गेममधी नाहीच ना भो!" तो पडद्याकडे हात करून ओरडला. बाई म्हणजे मिला योवोविचची अ‍ॅलिस. तक्रार शंभर टक्के खरी. कॅपकॉम या जपानी कंपनीच्या १९९६ च्या मूळ खेळात जिल व्हॅलेंटाइन आहे, क्रिस रेडफील्ड आहे. २००२ च्या पहिल्या सिनेमात त्या दोघांचाही पत्ता नाही. अ‍ॅलिस ही दिग्दर्शक पॉल डब्ल्यू. एस. अँडरसन यांची स्वतःची पैदास. पुढे २००९ मध्ये त्यांनी मिलाशी लग्नच केलं, म्हणजे बाई बदलायचा प्रश्न कायमचा मिटला.

आता गंमत बघा. खेळाशी अशी बेइमानी करणाऱ्या या मालिकेचे २००२ ते २०१६ या काळात सहा सिनेमे आले आणि सगळ्यांनी मिळून जगभरात १२० कोटी डॉलरच्या वर गल्ला केला. समीक्षकांनी प्रत्येकाला धुतलं, प्रेक्षकांनी प्रत्येकाला पोसलं. शेवटच्या भागाच्या सुमारे ३१ कोटी डॉलरमध्ये निम्म्याहून जास्त वाटा एकट्या चीनचा होता. मग २०२१ मध्ये मावसभावासारख्यांचं ऐकून एक प्रामाणिक सिनेमा निघाला, 'वेलकम टू रॅकून सिटी'. पहिल्या दोन खेळांतली माणसं, तीच हवेली, तेच पोलिस ठाणं. कमाई जेमतेम ४ कोटी डॉलर! मावसभावाने तोही पाहिला. म्हणाला, "सगळं बरोबर आहे भो, पण मजा नाही."

बरं, हा खेळ तरी कुठे अस्सल? कॅपकॉमनेच १९८९ मध्ये 'स्वीट होम' नावाचा भुताळ्या वाड्याचा खेळ काढला होता, तो याचा बाप. आणि 'स्वीट होम' हा त्याच नावाच्या जपानी सिनेमावर बेतलेला. म्हणजे सिनेमावरून खेळ, त्या खेळावरून दुसरा खेळ, त्यावरून पुन्हा सिनेमा. तीच भाजी तिसऱ्यांदा फोडणीला.

पहिल्या खेळात दर खोलीला दार करकरत, अगदी सावकाश उघडायचं. आमची छाती धडधडायची. ती दारं मुळात होती कशाला? पुढची खोली डिस्कवरून वाचून घ्यायला यंत्राला वेळ हवा होता, तेवढा वेळ दाराआड लपवला. इकडे आमच्या भीतीला लोडिंग पुरत नसे, ऐन मोक्याला लोडशेडिंगही हजर व्हायचं.

झोंबीपटांचे आजोबा जॉर्ज रोमेरो यांनी दुसऱ्या खेळाची जपानी जाहिरात केली होती. सिनेमाची पटकथाही त्यांनीच लिहून दिली होती, खेळाला बरीचशी धरून. ती नाकारली गेली. ज्याने लग्न जमवलं त्यालाच पंगतीतून उठवलं.

पहिल्या सिनेमाचं काही चित्रीकरण बर्लिनमधल्या एका अर्धवट राहिलेल्या भुयारी स्टेशनात झालं. रखडलेल्या कामांचा असा उपयोग आपल्याकडे अजून कोणाला सुचलेला नाही. जागांची तर ददात नाही.

आणि हा सिनेमा आवडतो म्हणायला लाज वाटणाऱ्यांसाठी एक दिलासा : 'टायटॅनिक'वाले जेम्स कॅमेरून यांनाही तो आवडतो. चोरून आवडणारा सिनेमा कोणता, या प्रश्नावर त्यांनी याचंच नाव घेतलं होतं.

उसन्या गोष्टीत स्वतःचं पाणी किती घालायचं, हे धुळ्याहून पन्नासेक किलोमीटरवरच्या मालेगावला कोणी शिकवायला नको. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 'मालेगाव के शोले' काढला, मग 'मालेगाव का सुपरमॅन'. त्यात सुपरमॅन झाला तो पॉवरलूमवरचा एक काटकुळा कामगार, शफिक शेख. मूळ सिनेमाशी किती इमान राखलं, असं तिथल्या पब्लिकने कधी विचारलं नसेल. शेवभाजीत शेव कुठलीही चालते, रस्सा आपला पाहिजे.

मराठीने तेच केलं. २६ जानेवारी २०२२ ला आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' आला. मागे कुठलाही व्हिडिओ गेम नाही, नुसती डोंबिवली : एक उंच सोसायटी, शेजारची झोपडपट्टी आणि मध्ये पाण्याचा तंटा. टँकरची वाट बघत वाढलेल्या खान्देशी माणसाला हे भय समजावून सांगावं लागत नाही. शिवाय झोंबी हा शब्द आपल्याकडे आधीपासूनच घरचा. आनंद यादवांच्या 'झोंबी'ला १९९० मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा कोणाला मुडदे आठवले नव्हते, झगडा आठवला होता. आणि आमच्याकडचा ठेचा रोजच झोंबतो.

'झोंबिवली' आजीला मोबाईलवर दाखवला. मुडदे आले, तिने चष्मा पुसला. अमेय वाघ धावला, तिने जांभई दिली. मग ललित प्रभाकर आला. मी सहज म्हटलं, याचं आडनाव भदाणे. आजी एकदम सावरून बसली.

"भदाणे? कोनता गावना?"

पुढचा सगळा सिनेमा तिने त्या पोराला काही होऊ नये म्हणून जीव मुठीत धरून पाहिला.